आपल्या हातचं द्यायचं असेल तर

आहेरात आलेला ब्लाउज पीस पुढे कुठे जातो, हे ब्लाउज शिवणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक नसतं. तो माझ्याकडे येत नाही. लग्नातून कपाटात, कपाटातून नणंदेच्या वास्तुशांतीत, तिथून कुणाच्या तरी डोहाळजेवणात असा तो फिरत राहतो. कोपऱ्यावर तेलाचा पुसट डाग असलेला एक मोरपंखी पीस मी अमळनेरातल्या आमच्या एकाच गल्लीत तीन घरांत पाहिलाय. सुरतेहून गठ्ठ्याने येणाऱ्या साड्यांचंही तेच. बाई दुकानात शिरून "देण्याघेण्याच्या दाखवा" म्हणते आणि दुकानदाराला लगेच कळतं, कोणता गठ्ठा सोडायचा.

मी याला नावं ठेवत नाही. पाचशे पत्रिका वाटलेल्या घराने प्रत्येकाचा वेगळा विचार करत बसायचं म्हटलं तर लग्न राहील बाजूला. शिवाय आहेराची वही असते, कुणी काय घातलं ते त्यात लिहिलेलं असतं आणि तेवढ्याच तोलामोलाचं परत करावं लागतं. तो हिशेब आहे, चालू द्या. घोळ होतो तो वेगळ्या ठिकाणी. ज्या माणसाशी खरंच जवळीक व्हावी असं वाटतं, तिलाही आपण त्याच गठ्ठ्यातलं काढून देतो. समोर नवे भाडेकरू आलेत, सून घरात येऊन वर्ष झालं तरी पाहुणीसारखी वावरते, शाळेतली मैत्रीण लग्न होऊन लांब गेली आणि फोनवर "बाकी काय" च्या पुढे गाडी सरकत नाही. अशांना काय द्यावं, कधी द्यावं, कसं द्यावं, एवढंच सांगते. मला शिवण येतं म्हणून उदाहरणं शिवणाची जास्त निघतील. तुमच्या हाताला जे येतं ते त्या जागी धरा.

आधी माप घ्या

माझ्याकडे मापाची वही आहे. पानाच्या डाव्या बाजूला आकडे: छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. उजव्या बाजूला शेरे: "उजवा खांदा उतरता", "हूक पुढेच, हात मागे जात नाही", "काखेत जरा सैल". वर्षानुवर्षं त्या शेऱ्यांत दुसरंही काही शिरत गेलं. "सासू अंथरुणावर." "चहा बिनसाखरेचा." "पोरगी पुण्याला, रविवारी फोन." टेप लावत असताना बायका बोलतात. बहुतेक तेव्हा एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून.

तुम्हीही अशी वही करा, मोबाइलात केली तरी चालेल. ज्या माणसाला काही द्यायचं मनात आहे तिच्या नावाने एक पान ठेवा. तिला काय आवडतं हे विचारायला जाऊ नका. आपल्याकडे त्याला उत्तर ठरलेलं: "कशाला, काही नको." त्यापेक्षा बघा. काय दुखतंय, काय संपलंय, काय तुटलंय आणि तरी तसंच रेटून नेलं जातंय.

आमच्या बोळातल्या एक नानी भाजीला निघायच्या तेव्हा पिशवीचा बंद तुटलेला, त्याला गाठ मारलेली. बोटांत वात, आणि ती गाठ नेमकी बोटात रुतायची. जुन्या जीनची पिशवी शिवून दिली. बंद चार बोटं रुंद, तळ दुहेरी, आत सुट्या पैशांचा कप्पा. तो कप्पा डाव्या बाजूला लावला, कारण नानी डावखुऱ्या. पिशवीला खर्च म्हणाल तर दोऱ्याचा. पण कप्प्यात हात घालून बघितल्यावर नानी म्हणाल्या, "हाई तुले कसं समजनं वं?" त्या दिवसापासून भाजीहून येताना त्या माझ्या ओट्यावर टेकतात. तोवर आमचं बोलणं कचऱ्याच्या गाडीपुरतं होतं.

माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत, तसंच हे. नुसतं आपल्या हातचं असून भागत नाही. आपल्याला गोधडी शिवायची हौस आहे म्हणून ज्या घरात आधीच गोधड्यांचा माळा भरलाय तिथे अजून एक नेऊन टाकली, तर ती त्यांच्या डोक्याला तापच.

आपल्याजवळ काय आहे

"मला कुठं काही येतं!" हे मी गिऱ्हाइकांकडून फार ऐकते, आणि म्हणणारीच्या पदराला नेमकी अशी सुरेख गोंडे केलेली झालर असते की विचारू नका. ज्यात तुमचे हात लागले, ज्यात तुमचा वेळ गेला किंवा जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, ते सगळं देण्याजोगं.

शेतकऱ्याच्या घरी तर प्रश्नच नाही. पहिल्या तोड्याचा वानोळा शेजाऱ्यांकडे जातोच. पण तोही थोडा विचार करून द्यावा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता ही वांगी लांबलांबच्या शहरांतही बाजारात दिसतात, त्यामुळे गोणीभर वांगी पाठवली तर "अरे वा" म्हणतील आणि निम्मी सुकतील. त्याऐवजी शेतातच पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, जाळावर भाजा. सालं काढा, भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण घालून लाकडाने ठेचा आणि डब्यात भरून द्या. कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर वेगळ्या पुडीत. फोडणी त्यांना त्यांच्या घरी घालू द्या. फ्लॅटातल्या गॅसवर सगळं होतं, पऱ्हाट्यांच्या धुराचा वास तेवढा होत नाही. तो तुम्ही दिला. वर कळण्याच्या पुऱ्यांना लागेल एवढं ज्वारी-उडदाचं पीठ दिलंत तर मग काही विचारूच नका.

शेत नसलेल्यांचं काय? आमच्या भागात एक आप्पा आहेत, पोस्टातून रिटायर झालेले. अक्षर मोत्यासारखं. जून महिन्यात गल्लीतली पोरं वह्या-पुस्तकांचे गठ्ठे घेऊन त्यांच्या ओट्यावर बसतात आणि आप्पा प्रत्येक वहीवर नाव, इयत्ता, विषय लिहून देतात. पोराला विचारतात, "शाई निळी की काळी?" तेवढ्यावर त्या पोरांची आईबापं आप्पांचं लाइटबिल भरण्यापासून दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळं करतात, आणि त्यात कुणाला हिशेब वाटत नाही. अमळनेरला तर हे नवीन नाहीच. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि वसतिगृह सांभाळायचे, तेव्हा तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. छापायला पैसे नसतील म्हणून लिहिलं की कसं, ते सोडा. सकाळी उठून आपल्यासाठी कुणी पानभर लिहून ठेवलंय, हे त्या पोरांना किती वाटलं असेल.

अंगमेहनतही देता येते. चैत्र-वैशाखात उडदाचे पापड होतात तेव्हा आपलं पोळपाट-लाटणं काखेत मारून न बोलावता जाऊन बसा. नव्या भाडेकरणीला गल्लीत सामावून घ्यायचा याच्याइतका सोपा मार्ग मला माहीत नाही. तिला आमंत्रण द्यायचं नाही, तिच्याकडच्या लाट्या संपवून द्यायच्या.

झबलं

आता माझ्या हातातलं एक सविस्तर सांगते, कारण बारशाला काय न्यावं यावर दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. दुकानातला बाबासूट नेऊ नका. तो तीन महिन्यांत तोकडा होतो आणि पाचही मावश्यांनी तोच आणलेला असतो.

बाळाच्या आजीचं जुनं लुगडं किंवा सुती पातळ मागून घ्या. वडिलांच्या आईचं असो की आईच्या आईचं, पण मागायचं आजीकडेच, तेही गुपचूप. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सूत तान्ह्या अंगाला नव्या कापडापेक्षा बरं. कापड उजेडापुढे धरून बघा. बसण्याच्या जागी विरलेलं असतं, ते सोडा. निऱ्यांचा आतला भाग बहुतेक धड निघतो. डांबरगोळ्यांत ठेवलेलं असेल तर नकोच, ते तान्ह्या बाळाला चांगलं नाही. पुन्हा साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. खळ नाही, सुगंधी पाणी नाही.

उंची साधारण ३० सेंटिमीटर ठेवा, बाही आखूड आणि सैल. पुढून उघडं, एक पट दुसऱ्यावर येईल असं. गुंड्या, हूक, लेस, टिकल्या काही लावायचं नाही. त्याच कापडाच्या नाड्या, वीतभराहून आखूड, म्हणजे बाळाच्या बोटात गुंडाळत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: शिवण बाहेरच्या बाजूला घ्यायची. दिसायला उलटं दिसतं. बघणारी एखादी म्हणतेच, "उलटं शिवलंस का गं?" म्हणू द्या. शिवणीची कड बाळाच्या काखेत टोचत नाही.

लुगड्याची काठाची पट्टी खालच्या घेरावर येऊ द्या. काठ ओळखीचा असतो. एका बारशात मी असं झबलं दिलं. पाळण्याजवळच्या बायका बघत होत्या आणि बाळाची आजी, जी सुनेशी मोजकंच बोलायची, पुढे होऊन म्हणाली, "हाई ते मनं लुगडं शे!" सून हसली, म्हणाली, "तुम्हीच घाला मग." मी नुसती शिवणारी. काम लुगड्याने केलं.

बाळ जन्मायच्या आधी कपडे न देण्याची रीत पुष्कळ घरांत पाळतात. तिथे शहाणपण शिकवायला जाऊ नका. शिवून ठेवा, पाचवीनंतर द्या.

याच जातीची दुसरी वस्तू म्हणजे हात मोडलेल्या बाईचा ब्लाउज. प्लास्टर घातलेला हात बाहीत जात नाही आणि घरात पुरुष माणसं असली की तिची फार कुचंबणा होते. तिच्याच जुन्या ब्लाउजची किंवा गाउनची बाही खांद्यापासून मनगटाच्या दिशेने उसवायची, दोन्ही कडा दुमडून घ्यायच्या आणि तीन-चार ठिकाणी नाड्या लावायच्या. अर्ध्या तासाचं काम. शिवण न येणाऱ्या बाईलाही हातशिलाईने जमतं. फळं घेऊन सगळेच भेटायला जातात.

संक्रांतीचं वाण

वाणात प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणाच्या डिश्या येऊन येऊन घरं भरली. मी सुईदोऱ्याची घडी करते. कातरणातून २० बाय १० सेंटिमीटरचा दुहेरी तुकडा, कडेने धावदोरा, आत गरम कपड्याची एक पट्टी. तिच्यात दोन सुया, काळा-पांढरा दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळलेला, चार हूक, एक मोठी पिन. घडी घातली की पर्समध्ये मावते. प्रत्येक घडीचा बाहेरचा तुकडा त्या त्या बाईच्या ब्लाउजमधून उरलेला. गिऱ्हाइकांचं कातरण मी फेकत नाही. पुडीवर नाव लिहून ठेवते. आपल्याच जुन्या ब्लाउजचं कापड हातात आलं की बायका आधी ओळखतात, मग तो ब्लाउज कोणत्या लग्नात घातला होता ते सांगत सुटतात.

हे वाण मी नवरा गेलेल्या बायकांनाही देते. हळदीकुंकवाला बोलावलं तर त्या येत नाहीत आणि आल्या तर बाकीच्या चुळबुळतात, म्हणून त्यांच्या घरी जाऊन देते, त्याच दिवशी, तिळगुळासकट. यावर मला दोन-तीन जणींनी टोकलं. त्यांच्याही ब्लाउजचे हूक तुटतातच की.

खायचं देताना

खाण्याचं द्यावं ते घरी होणारं, टिकणारं आणि दुकानात नीट न मिळणारं. आमच्याकडे बिबड्या. ज्वारी भिजवायची, कांडायची, मग पहाटे मोठ्या पातेल्यात तिखट, लसूण, तीळ, जिरं घालून घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत ओल्या हाताने कापडावर थापायचा. एकटीचं काम नाही. म्हणूनच शेजारणीला त्या पहाटे बोलवा. वाळलेल्या बिबड्या महिन्याने दिल्यात तर छान, पण त्या पहाटेचा गरम घाटा कच्चं तेल ओतून वाटीतून दिलात तर ती मुलांना उठवून घेऊन येईल.

वाळलेल्या देताना अख्ख्या द्या, चुरा आपल्याला ठेवा. सोबत चिठ्ठी: कोणत्या महिन्यात केल्या, तिखट किती आहे, तळायच्या की भाजायच्या. चिठ्ठी हाताने लिहिलेली हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कृती वर सरकून जाते, डब्यातली चिठ्ठी डब्यातच राहते.

मसाल्याची कृती मागितली तर पूर्ण द्या. खान्देशात काळ्या मसाल्याच्या बाबतीत भल्याभल्या बायका खोटं बोलतात. धणे, खोबरं, मिरे, लवंग मोठ्याने सांगतात आणि दगडफुलाशी आल्यावर आवाज बारीक होतो. कांदा किती काळा भाजायचा ते तर सांगतच नाहीत. मग ती बिचारी करते, चव येत नाही, आणि म्हणते, "तुमच्या हातालाच चव." हेच ऐकायचं होतं ना! असं अर्धं देण्यापेक्षा "ही आमच्या सासूबाईंची आहे, नाही देत" म्हणा, ते बरं. द्यायची असेल तर एकदा तिला बाजूला बसवून करा. भाजलेल्या खोबऱ्याचा रंग वजनात सांगता येत नाही.

आणि डबा स्टीलचा द्या, नाव कोरलेला. टाकून द्यायचे प्लास्टिकचे डबे सोयीचे आहेत हे मला कळतं, पण नाव कोरलेला डबा परत करावा लागतो. रिकामा डबा आपल्याकडे कुणी पाठवत नाही, निदान साखर तरी घालतात. म्हणजे तिला तुमच्या दारात यायचं कारण मिळतं. लाजऱ्या माणसाला असं कारण लागतं. कधी कधी डबा तिच्या घरी महिनोन् महिने राहतो, तिकडची पोरं विचारतात, "हाऊ डबा कोना शे?" तेवढ्यात तुमचं नाव घेतलं जातं. डब्याचा तगादा मात्र लावू नका. डब्यात जीव अडकत असेल तर तो डबा देऊच नका.

समोरच्याचं पथ्य बघा. जैन शेजाऱ्यांना कांदा-लसणाचं चालत नाही, चातुर्मासात तर त्यांचे नियम अजून कडक. कुणाला साखर, कुणाला मूळव्याध. काही घरं शिजवलेलं घेत नाहीत, त्यांना डाळ, शेंगदाणे, मेथी असा कोरडा वानोळा द्या आणि मनात काही आणू नका. आमच्याकडे ईदेला शीरखुर्म्याचा डबा येतो तो दिवाळीला चिवडा-शेव भरून जातो, त्याच डब्यात. त्यावर नाव त्यांचं की आमचं, आता खरवडल्याने वाचता येत नाही.

केव्हा

दिवाळीत देऊ नका. म्हणजे फराळ द्याच, पण जे मनापासून करून द्यायचंय ते त्या गर्दीत घालवू नका. त्या आठवड्यात कुणाचं काय आलं ते ताटांच्या उतरंडीत हरवतं.

सगळे निघून गेल्यावर जा. मुलगी सासरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मांडव उतरलेला असतो आणि आईला काय करावं सुचत नाही. त्या दिवशी जा. तेराव्यापर्यंत घरात माणसं असतात, डबे येतात. चौदाव्या-पंधराव्या दिवशी कुणी येत नाही आणि चूल पेटवायची इच्छा नसते. तेव्हा साधी मुगाची खिचडी नेली तरी ती माणसं विसरत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. ज्यांची लेक येऊ शकली नाही किंवा ज्यांना लेकच नाही, त्यांच्याकडे सांजोऱ्या त्या दिवशी न्या, दुसऱ्या दिवशी नाही.

देताना तोंड

हे अवघड. बऱ्याच चांगल्या वस्तू देणारीच्या तोंडाने नासतात. "रात्रभर जागून केलं बरं का!" म्हटलं की घेणारीच्या डोक्यावर ओझं. "साधंच आहे हो, काही विशेष नाही" हेही नको, मग आणलंस कशाला? काय आहे आणि तिच्यासाठीच का, एवढं एका वाक्यात सांगा. "तुमचा खांदा दुखतो म्हणून बंद रुंद केलाय." मग पावसापाण्याचं बोला.

पुन्हा भेटलात की "वापरता का?" विचारू नका. दिलेल्या वस्तूचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. मी म्हणते, तिने टाकला तरी खाली फार लिहू नका.

काही वेळा द्यायला वस्तू नसते, स्वतःचं काही सांगणंच द्यायचं असतं. गल्लीतल्या एकीच्या नवऱ्याचं सुरतेतलं यंत्रमागाचं काम सुटलं. बायका येऊन "होईल सगळं नीट" म्हणून जात होत्या. मी तिच्याकडे बसले आणि आमच्या घरचं सांगितलं. सासरे मिलमध्ये होते, मिल बंद पडली, तेव्हा सासूबाई लोकांचे पापड मजुरीने लाटायच्या आणि सासरे सायकलवर पोचवायचे. कुणी ओळखीचं भेटलं की सासरे पिशवी हँडलच्या पलीकडच्या बाजूला सरकवायचे. एवढंच सांगितलं आणि गप्प बसले. "म्हणून तूही..." असं काही जोडलं नाही. ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "हेपण दिवसा बाहेर निघत नाहीत." नवऱ्याची गोष्ट तिने बाहेर पहिल्यांदा काढली होती. असं सांगायचं तर थोडंच सांगावं, खरं सांगावं आणि तिच्या दुःखापेक्षा आपलं मोठं ठरवायला जाऊ नये. आणि जी गोष्ट घरातल्या दुसऱ्याची आहे ती त्याला विचारल्याशिवाय नाही. सासऱ्यांना मी विचारलं होतं. म्हणाले, "सांग, आता काय लपवायचं."

हात कुठे आखडता घ्यावा

ज्याच्या टेबलावर आपला कागद अडकलाय त्याला घरचा वानोळा नेऊ नका. कागद निघाल्यावर महिन्याने न्या, तेव्हा तो वानोळा असतो. घेणाऱ्याची ऐपत परत करायची नाही आणि मनाला ते लागतं, अशा ठिकाणी लहान द्या, त्याच्याकडूनही काहीतरी मागून घ्या. भांडण मिटवायला म्हणून दिलेली वस्तू टिकत नाही. आधी बोलणं, मग डबा. पुरुषांनी परक्या बाईला काही द्यायचं तर घरातल्यांदेखत द्यावं, आमच्या गावात तरी. याला मागासलेपण म्हणायचं तर म्हणा.

दोनदा दिलं, तिकडून ओलावा नाही, तर थांबा. प्रत्येकाला तुम्ही हव्याच असाल असं नाही.

मागायलाही हवं

देणारी होऊन बसायची सवय वाईट. काही बायका सतत देतात आणि दुसऱ्याचं काही घेत नाहीत, मग लोक त्यांना चांगलं म्हणतात आणि लांब राहतात. विरजण मागा. कढीपत्ता मागा. नव्या सुनेला तिच्या माहेरची भाजी करायला सांगा आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात लुडबुड करू नका. म्हाताऱ्या माणसांकडे तर अशा वस्तू पडून असतात की मागणाराच नाही. गौराईची गाणी ज्यांना अख्खी येतात अशा बायका गल्लीत एक-दोनच उरल्यात. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, त्या म्हणतील ते लिहा, आणि मग स्वच्छ अक्षरात उतरवून त्यांच्याच नातीला द्या. मी एका आजींकडून गोधडीच्या कोपऱ्याचा टाका मागितला. चष्मा शोधण्यात अर्धा तास गेला, पण नंतर त्यांनी मला दर आठवड्याला बोलावून घेतलं. टाका केव्हाच शिकून झाला होता, ते मी त्यांना सांगितलं नाही.

राहिलं लांब पाठवायचं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी सुरतेत असतंच, आणि गाडीने जाणाराही रोज कुणीतरी सापडतो. कुरिअरपेक्षा त्याच्या हाती द्या. देणारीची खुशाली तोच तोंडी सांगतो आणि तिकडची परत आणतो. बिबड्या कागदात एकीला एक लावून उभ्या रचा, डबा गच्च भरा म्हणजे हलत नाहीत, मसाला दुहेरी पिशवीत. कापड असेल तर मसाल्यापासून लांब. आणि नेणाऱ्या माणसासाठी वाटेत खायला वेगळी पुडी बांधून त्याच्या हातात द्या, नाहीतर डबा नंदुरबार यायच्या आत उघडतो.